शब्द कुणाच्या बापाचा?

आपल्याकडं एक वाद अजून मिटलेला नाही. दलिताचं दुःख दलितानंच लिहायचं का? वरच्या जातीतल्या, पोट भरलेल्या, पुस्तकांच्या कपाटाखाली रांगलेल्या माणसाला आमच्या वतीनं तोंड उघडायचा हक्क आहे का? एक बाजू म्हणते, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दुसरी म्हणते, अहो, साहित्याला कसली आलीय जात! (ही दुसरी बाजू मांडणारा हमखास जातीचं सगळं खाऊन ढेकर दिलेला असतो.) ह्या भांडणात पुष्कळ शाई गेली. मी पहिल्या बाजूचा. तरी मला वाटतं, प्रश्न अर्धाच विचारला जातो. बोलायचा हक्क कुणाला, एवढंच विचारतात. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शब्द साठलेत त्यानं त्या साठ्याचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. आणि खरा नीतीचा प्रश्न तोच आहे. कारण साठा हा कुणाचा तरी हिस्सा दाबूनच होतो, मग तो जोंधळ्याचा असो की शब्दांचा.

ह्या प्रश्नाला एका माणसानं अख्खं आयुष्य खर्चून उत्तर दिलं. तो आपल्यातला नव्हे, आपल्या देशातलाही नव्हे. इटलीतल्या एका डोंगरावरचा पाद्री. नाव डॉन लोरेन्झो मिलानी. तिकडं पाद्र्याच्या नावाआधी 'डॉन' लावतात. आपल्या मुंबईतल्या डॉनशी त्याचा संबंध नाही.

मिलानी 27 मे 1923 ला फ्लॉरेन्स शहरात जन्मला. घराणं गडगंज. पणजोबा दोमेनिको कोम्पारेत्ती म्हणजे प्राचीन भाषांचा नावाजलेला पंडित. शब्द ह्या घरात वतनासारखे चालत आलेले. आई ज्यू. देवाधर्माचं घरात कुणाला पडलेलं नव्हतं, पण हिटलर सत्तेवर आला त्या 1933 साली खबरदारी म्हणून पोरांचा बाप्तिस्मा उरकून घेतला. पोरगा चित्रकार व्हायला निघाला, मिलानच्या ब्रेरा अकादमीत गेला, आणि 1943 साली, युद्ध पेटलेलं असताना, सगळं सोडून पाद्री व्हायच्या शाळेत दाखल झाला. 1947 साली पाद्री झाला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. फ्लॉरेन्सच्या एका गरीब बोळात तो चित्र काढत बसला होता आणि हातात पांढरा पाव होता. लढाईचे, रेशनचे दिवस. एका बाईनं त्याला झापलं, गरिबांच्या गल्लीत बसून पांढरा पाव खात नसतात म्हणून. असल्या एका गोष्टीनं माणूस पालटतो ह्यावर माझा विश्वास नाही. पण पावाचा हिशेब त्यानं पुढं शब्दांना लावला, हे खरं आहे.

नेमणूक फ्लॉरेन्सजवळ कालेन्झानोच्या सान दोनातो ह्या वस्तीत. कापड गिरण्यांत जाणारे कामगार, शेतकरी. तरुण पोरं चर्चकडं वळावीत म्हणून तिकडचे पाद्री तेव्हा फुटबॉल, टेबलटेनिस, सिनेमा असलं काय काय ठेवत. मिलानीला ह्याची चीड. गरिबाच्या पोराकडं वेळ एवढी एकच दौलत, ती तुम्ही त्याला चेंडूमागं उधळायला लावता? त्यानं रात्रशाळा काढली. चर्चची पोरं आणि कम्युनिस्ट पोरं एका बाकावर बसवली. कम्युनिस्टांना न यायला निमित्त उरू नये म्हणून वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस काढून ठेवला. पाद्र्यानं, स्वतःच्या हातानं!

त्याचं निदान साधं होतं. लोक प्रवचनाला बसतात आणि कोरडे उठून जातात, ते देव मानत नाहीत म्हणून नव्हे. त्यांना ती भाषाच कळत नाही. पेपर कळत नाही, करारनामा कळत नाही, त्यांच्याच पुढाऱ्याचं भाषण कळत नाही. ज्याच्याजवळ शब्द नाही तो मालकाशी भांडू शकत नाही आणि देवाशीही भांडू शकत नाही. हे सगळं त्यानं आकडेवारीसकट एका जाड पुस्तकात लिहिलं. ते 1958 साली आलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रोमच्या धर्मपीठानं बाजारातून काढून घ्यायला लावलं. ती बंदी संपल्याचं चर्चनं सांगितलं 2014 साली. छप्पन्न वर्षं लागली.

हा माणूस किती सरळ बोलायचा त्याचा एक दाखला देतो. 1950 साली त्यानं पिपेत्ता नावाच्या एका तरुण कम्युनिस्टाला पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा : श्रीमंतांशी तुझं भांडण आहे त्यात तुझंच बरोबर आहे, मी तुझ्या बाजूनं. पण ज्या दिवशी आपण दोघं मिळून मालकाच्या बागेचं फाटक मोडू त्या दिवशी मी तुला दगा देईन. तू आत राहायला जाशील, मी तुझ्या जुन्या कुबट घरात परत जाईन.

असला दोस्त आपल्याला परवडेल का? आपल्याला सवय उलट्या दोस्तांची. ते फाटक मोडायच्या गोष्टी करतात आणि मोडायच्या दिवशी आजारी पडतात. हा म्हणतो, मोडायला नक्की येईन, राहायला येणार नाही. मला ह्यातलं अर्धं पटतं. राहिलेलं अर्धं पटत नाही. कुबट घर काही पवित्र नसतं. त्यातून बाहेर पडलेल्या माणसानं दगा मिळण्यासारखं कुठलंही पाप केलेलं नसतं. गरिबीवर प्रेम करणं ही ज्याला गरिबी निवडता आली त्याचीच चैन असते. ज्याच्या माथी ती मारलेली आहे त्याला तिचा वास माहीत असतो. पण आधी सांगून ठेवलं, हा त्याचा गुण. पाठीत खुपसणारे सांगून येत नाहीत.

1954 च्या डिसेंबरात वरिष्ठांनी त्याला उचललं आणि बार्बियानाला टाकलं. मोन्ते जोव्ही डोंगराच्या अंगावरचं ठिकाण. रस्ता नाही, वीज नाही, नळ नाही. गाव म्हणावं असं गावच नाही. एक चर्च आणि रानात पांगलेली शेतकऱ्यांची घरं. सरळ सरळ शिक्षेची बदली. त्यानं काय करावं? आल्या आल्या तिथल्या दफनभूमीत स्वतःपुरती जागा विकत घेतली. वर अर्ज केला नाही, वशिला लावला नाही. इथनं मी हलत नाही, एवढं सांगून टाकलं.

आणि शाळा काढली. 1956 साली सहा पोरं घेऊन. सकाळपासून रात्रीपर्यंत बारा तास, वर्षाचे 365 दिवस, रविवार नाही, सुट्टी नाही. शहरातल्या पोराला हा छळ वाटेल. डोंगरातल्या पोराची सुट्टी म्हणजे गोठ्यातलं शेण आणि रानातली मेंढरं. त्याला शाळा हीच सुट्टी. वर्गात नापास नव्हतं. सगळ्यांत मागं राहिलेला पोरगा सगळ्यांत महत्त्वाचा, त्याला समजल्याशिवाय कोणी पुढं जायचं नाही. थोरली पोरं धाकट्यांना शिकवत. पेपर मोठ्यानं वाचायचा, अडलेल्या शब्दावर थांबायचं, त्याचा अर्थ लागेपर्यंत हलायचं नाही. मग तो शब्द कुठून आला, कोण वापरतो, कोणावर वापरतो, हेही काढायचं. भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द लिहिलेले : आय केअर. मला त्याचं पडलंय. फॅसिस्टांचं ब्रीद होतं 'मला काय त्याचं', त्याला हे भिंतीवरचं उत्तर.

ह्या शाळेतली दोन पोरं पुढं मास्तर व्हायच्या सरकारी शाळेत गेली आणि नापास झाली. मग आठ पोरं बसली आणि त्यांनी नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. वर्षभर लिहीत होती. मे 1967 ला ते पुस्तक होऊन आलं, नाव 'एका शिक्षिकेला पत्र'. 1970 साली इंग्रजीत आलं आणि जगभर गेलं.

पत्रात एक जान्नी आहे आणि एक पिएरिनो. पिएरिनो डॉक्टरचा पोरगा. शाळेत येतानाच त्याला वाचता येतं, कारण घरात जी भाषा बोलतात तीच पुस्तकात छापलेली. जान्नी शेतकऱ्याचा. तो बोलतो ते पुस्तकात नाही, आणि पुस्तकात आहे ते त्याच्या घरात कोणी बोलत नाही. बाई दोघांना सारखाच पेपर देतात आणि ह्याला न्याय म्हणतात. पोरांनी नुसता संताप ओकला असता तर लोकांनी 'बिचारी पोरं' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी आकडे काढले. कोणत्या वर्गात किती नापास, त्यांचे बाप काय करतात, नापास झालेलं पोर पुढं शाळेत राहतं की मजुरीला जातं. तक्ते काढले. डोंगरातल्या पोरांच्या त्या आकडेवारीला इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेनं बक्षीस दिलं! 1962 च्या कायद्यानं चौदा वर्षांपर्यंत सगळ्यांना एकच शाळा केली होती. पोरांनी दाखवलं की कायद्यानं दार उघडलं आणि लाल शाईच्या पेनानं ते परत लावून घेतलं.

हे वाचताना मला 1882 आठवतं. जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात हाच हिशेब मांडलाय. सरकारची गंगाजळी भरतो शेतात राबणारा, आणि त्यातून उच्च शिक्षण घेतात वरचे. पंचाऐंशी वर्षांनी, सात समुद्रांपलीकडं, मेंढरं राखणाऱ्या पोरांनी तोच जमाखर्च स्वतः काढला. त्यांना जोतीराव ठाऊक नव्हते. ठाऊक असायची गरजही नव्हती, लूट एकाच तऱ्हेची असली की हिशेब एकच निघतो. आणि आपल्याकडं? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला मागं ठेवायची मुभा परत दिली. दर्जा घसरला म्हणे. दर्जा कशानं घसरला, मास्तर नाही म्हणून की पोरगा नापास होत नाही म्हणून, हे कोणी तक्ता काढून दाखवेल का? नापास करणं हा शिक्षण खात्याचा कारभारी प्रश्न नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या पोराला 'तू माणसांच्या रांगेतला नव्हेस' असं सांगणं आहे, आणि ते सांगताना हात न थरथरणं आहे.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. हे पुस्तक लिहिलं कोणी? वर नाव आहे 'बार्बियानाची शाळा'. मिलानीचं नाव नाही, एकाही पोराचं नाही. ते कसं लिहिलं ते पत्रातच सांगून टाकलंय, आणि मला सगळ्या पुस्तकात हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचलं की टिपायचं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि कागदाच्या एकाच बाजूला. मग एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर ओतायच्या. दुबार आलेल्या काढायच्या. एका जातीच्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे (इथं तरी जात उपयोगी पडली), ढिगातले छोटे ढीग, प्रत्येक ढिगाला नाव द्यायचं. नाव देता आलं नाही म्हणजे त्या ढिगात काहीतरी घोळ आहे. मग क्रमावरून भांडायचं. मग पहिला खर्डा. तो सायक्लोस्टाइल करायचा, म्हणजे सगळ्यांपुढं एकसारखा कागद येतो. होय, त्यांच्याकडंही सायक्लोस्टाइलच! मग कात्री, गोंद, रंगीत पेन्सिली. आणि मग शर्यत, कापण्याजोगं कोण जास्त शोधतो त्याची. फालतू विशेषणं, पुन्हा आलेलं, खोटं, अवघड शब्द, लांबलचक वाक्यं. शेवटी बाहेरची माणसं बोलवायची, शक्यतो फार न शिकलेली, त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं आणि आपल्याला म्हणायचं होतं तेच त्यांना कळलं का ते बघायचं. नीट कळावं म्हणून कोणी काही सुचवलं तर घ्यायचं. जपून लिहा, असं सुचवलं तर घ्यायचं नाही.

ह्यात मिलानी कुठं आहे? टेबलाशी बसलेला आहे. त्याचा हात पानापानावर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही; तो खोट मुळात त्या पोरांचा मास्तर होता, ती शिस्त त्याची, तो तिखटपणाही पुष्कळसा त्याचा. टीकाकार म्हणाले, पाद्र्यानंच लिहिलं आणि पोरांच्या नावावर खपवलं. मी त्या टीकाकारांना विचारतो, पिएरिनोनं निबंध लिहिला तेव्हा त्याच्या मागं बसलेला डॉक्टर बाप, आजोबा, पणजोबा, त्यांची कपाटं, ह्यांची नावं कोणी त्या निबंधावर मागितली होती का? वरच्याच्या पोराचा शब्द त्याचा स्वतःचा, आणि खालच्याच्या पोरानं तोंड उघडलं की 'ह्याला कोणी शिकवलं?' आपल्याकडच्या आत्मकथांनाही हा प्रश्न विचारला गेलाय. शब्द कुणाच्या बापाचा नसतो, पण बापाकडून मिळतो हे खरं. ज्यांना बापाकडून मिळाला नाही त्यांना तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. मिलानीनं तो देऊन टाकला आणि पावती मागितली नाही. सहानुभूती आणि परतफेड ह्यांत मला हाच फरक दिसतो. सहानुभूतीवाला आमच्यावर पुस्तक लिहितो आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव असतं.

म्हणून त्याला देव करायचं कारण नाही. तो पोरांना चापट्या मारायचा. आपल्या शाळेत ज्यांनी मास्तरांच्या छड्या खाल्ल्यात त्यांना ह्याचं कौतुक सांगू नका. मारणारा प्रेमानं मारतो की तिरस्कारानं, हे मार खाणाऱ्याच्या पाठीला सांगता येत नाही. पोरी शाळेत फारच थोड्या. पोरांनी पत्रात ती गोष्ट झाकली नाही, पण आईबापांच्या माथी मारून ते पुढं गेले. सावित्रीबाईंनी 1848 सालच्या पुण्यात आईबापांवर ढकलून दिलं असतं तर?

आणखी एक गाठ आहे, ती मला सुटत नाही. फेब्रुवारी 1965 ला तोस्कानातल्या निवृत्त लष्करी पाद्र्यांनी पत्रक काढलं की लष्करात जायला नकार देणारी तरुण पोरं भेकड आहेत, देशाचा अपमान करतात. ती पोरं तेव्हा तुरुंगात. मिलानीनं पोरांना घेऊन इटलीच्या शंभर वर्षांच्या लढाया तपासल्या आणि उघड उत्तर लिहिलं. तुम्ही जगाचे देशी आणि परदेशी असे दोन भाग करता. मी नागवलेले आणि नागवणारे असे करतो, आणि पहिले तेच माझा देश, असा त्याचा रोख. खटला झाला. आजारी होता, रोमच्या कोर्टात जाता आलं नाही, म्हणून न्यायाधीशांना लांबलचक पत्र पाठवलं. त्यात म्हणतो की ज्यांनी हुकूम पाळला त्यांनीच सगळी पापं केली, तेव्हा आज्ञा पाळणं हा गुण आहे असं पोरांना शिकवणं बंद करा, प्रत्येकानं आपापल्या कृत्याला जबाबदार राहावं. 15 फेब्रुवारी 1966 ला सुटला. वरच्या कोर्टात निकाल फिरला तोवर तो मेलेला होता. नकार देण्याचा हक्क इटलीच्या कायद्यात आला 1972 साली.

आता बघा. देशाची आज्ञा मोडा म्हणणारा हा माणूस चर्चची आज्ञा पाळत राहिला. पुस्तक दाबलं, सोसलं. डोंगरावर फेकलं, गेला. बाहेर का पडला नाही? त्याचं म्हणणं, पापाची क्षमा मला चर्चशिवाय कुठं मिळणार? मी हे उत्तर हसण्यावारी नेत नाही. पण ते आपलं उत्तर होऊ शकत नाही. त्याच्या धर्माचं दार त्याला उघडं होतं. आत त्याची खुर्ची कुठं मांडायची एवढाच तंटा होता. आपण 1930 साली काळाराम मंदिराच्या दाराशी उभे होतो तेव्हा दारच बंद होतं. बाबासाहेबांनी 1935 ला येवल्यात सांगितलं आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात करून दाखवलं. ज्या वर्षी तो आपल्या धर्मात राहून सहा पोरांची शाळा काढत होता त्याच वर्षी इथं लाखो माणसं धर्मातून बाहेर पडली. दोन्ही ठिकाणी माणसानं ताठ उभं राहायचं होतं. कुणी आत राहून ताठ राहतो, कुणाला त्यासाठी बाहेर पडावंच लागतं. आणि आत राहणाऱ्याचं उदाहरण बाहेर पडणाऱ्याला ऐकवायचं नसतं, एवढं भान आपल्याकडच्या सुधारकांनी ठेवावं. ते मात्र कधीच ठेवत नाहीत.

26 जून 1967 ला तो कॅन्सरनं गेला. वय 44. पत्र छापून येऊन महिना झालेला. त्यानं पोरांना लिहून ठेवलं की देवापेक्षा तुमच्यावर माझं प्रेम जास्त होतं, पण देव असल्या बारीकसारीक गोष्टी मनावर घेणार नाही अशी आशा आहे. आधीच घेऊन ठेवलेल्या जागेत पुरला. पन्नास वर्षांनी, 20 जून 2017 ला, खुद्द पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर जाऊन कबरीशी उभे राहिले. ज्या गादीनं पुस्तक दाबलं त्याच गादीवरचा माणूस फुलं घेऊन येतो, हे आपल्याला काही नवीन नाही. आपल्या पुतळ्यांना हार कोण घालतं ते रोज बघतोच.

संपादकांना माझं एक सुचवणं आहे. पुढच्या एका अंकात आठ पानं राखून ठेवा. आपल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत शाळा सुटलेली पोरं-पोरी किती, कोणत्या इयत्तेत सुटली, आता काय करतात, हे त्यांनीच घरोघर फिरून मोजायचं आणि त्यांनीच मिळून ज्यांना लिहायचं त्यांना पत्र लिहायचं. पोरी निम्म्या तरी असाव्यात. टेबल नसलं तर विहाराची फरशी आहे. चिठ्ठ्यांना पाठकोरे कागद चालतील, तेवढे मी गोळा केलेत. वर कुणाचंच नाव नको, माझं तर मुळीच नको, आणि कोणी 'जपून लिहा' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.